आवाजाची वाट कोणी ठरवायची?

डब्ल्यूएम ८९६० ही ध्वनीची चिप आज असंख्य छोट्या बोर्डांवर सापडते. एडिनबरोच्या वुल्फसन कंपनीने ती बनवली. तिच्यात हेडफोन चालवण्याची सोय आहे, स्पीकरसाठी एक वॉटचा ॲम्प्लिफायर आहे आणि तिचा लिनक्स ड्रायव्हर वर्षानुवर्षे कर्नलमध्ये आहे. असा बोर्ड पहिल्यांदा चालू केला की सगळे जागच्या जागी दिसते. ड्रायव्हर चढलेला असतो, ध्वनिकार्डांच्या यादीत कार्डाचे नाव येते. एप्ले आज्ञा दिली की गाणे वाजत असल्याचा संदेश पडद्यावर उमटतो, फाइल तिच्या लांबीइतका वेळ घेऊन संपते आणि चूक म्हणून एक ओळही कुठे दिसत नाही. हेडफोनमध्ये मात्र काहीच ऐकू येत नाही. चिपच्या आत अंकांचा आवाज करणाऱ्या भागापासून डाव्या आणि उजव्या मिक्सरपर्यंत जाणाऱ्या वाटेवर एकेक स्विच आहे. चिपला वीज मिळते तेव्हा हे दोन्ही स्विच बंद असतात आणि ड्रायव्हर त्यांना हात लावत नाही. एमिक्सरच्या दोन आज्ञा दिल्या की आवाज येतो. त्या दोन आज्ञांपर्यंत पोचताना अनेक नवख्या अभियंत्यांचे दिवसच्या दिवस गेले आहेत.

अशा वेळी मनात येणारे पहिले उत्तर म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्याने काम अर्धवट सोडले. हे पुस्तक त्या उत्तराशी सहमत नाही, आणि त्याची मांडणी इथूनच सुरू होते. स्विच जाणीवपूर्वक बंद ठेवलेले असतात आणि त्यामागचे कारण भक्कम आहे. चिपच्या पायाला पुढे काय जोडले आहे हे ना चिप बनवणाऱ्याला माहीत असते, ना तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला. एका बोर्डावर त्या पायाला हेडफोनचा जॅक असतो, दुसऱ्यावर बाहेरचा ॲम्प्लिफायर, तिसऱ्यावर टेलिफोन मॉडेमचा मायक्रोफोन-प्रवेश. पहिल्यासाठी सोयीची असलेली डीफॉल्ट मांडणी तिसऱ्यावर थेट फोनच्या संभाषणात आवाज घुसवेल. म्हणून कर्नलच्या या भागाची देखभाल करणाऱ्यांनी नियम पाळला तो असा: चिप जागी होताना जशी असते तशीच ड्रायव्हरने ठेवावी, कोणत्या वापरासाठी काय उघडायचे हे वरच्या थराने ठरवावे. नियम बरोबर आहे. पण वरचा थर म्हणजे नेमका कोणता, या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीस वर्षांत अनेकदा बदलले, आणि या विषयाचा इतिहास म्हणजे बहुतांशी त्या बदलांचा इतिहास आहे.

लॅपटॉप किंवा डेस्कटॉप वापरणाऱ्याला ही अडचण सहसा भेटत नाही, कारण तिथे कोणीतरी आधीच सांगून ठेवलेले असते. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या एचडी ऑडिओ या मानकात चिपच्या प्रत्येक पायाची माहिती बायोस भरून ठेवतो: हा मागचा हिरवा जॅक, हा आतला स्पीकर, हा पुढचा मायक्रोफोन. ड्रायव्हर ती माहिती वाचून स्वतःच वाट आखतो. फोन, गाडीचा डॅशबोर्ड, दारावरची इंटरकॉम घंटी किंवा रुग्णालयातला मॉनिटर यांच्या आत असे काही नसते. मुख्य प्रोसेसरमधून आवाजाचे आकडे आयटूएस नावाच्या तारांवरून जातात. फिलिप्सने १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तशीच चालू आहे. चिपला सूचना मात्र वेगळ्या तारांवरून, बहुधा आयटूसीवरून दिल्या जातात. तिसरी गरज घड्याळाची. ४८ किलोहर्ट्झच्या आवाजासाठी बहुतेक चिपा १२.२८८ मेगाहर्ट्झचे मुख्य घड्याळ मागतात, म्हणजे बरोबर २५६ पट. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या ताब्यात असतात आणि त्या एकमेकांना आपणहून ओळखत नाहीत.

शिवाय चिपच्या आतही वाट सरळ नसते. निवडक, मिक्सर, आवाज वाढवणारे टप्पे, बाजूने जाणाऱ्या ॲनालॉग वाटा असे सगळे तिथे असते. पाटाला पाणी सुटले म्हणून ते शेवटच्या वाफ्यात आपोआप पोचत नाही, मधली दारे कोणाला तरी धरावी लागतात. इथेही तसेच आहे, आणि एक दार बंद असले तरी वरून सगळा प्रवाह चालू असल्यासारखाच दिसतो.

लिनक्समध्ये ध्वनीची सुरुवात १९९०च्या दशकाच्या आरंभी फिनलंडच्या हन्नू सावोलायनेन यांनी केली. साउंड ब्लास्टर कार्डासाठी त्यांनी लिहिलेल्या ड्रायव्हरातून पुढे ओपन साउंड सिस्टिम उभी राहिली. तिच्यातला मिक्सर त्या काळच्या पीसीसारखाच होता: मुख्य आवाज, बास, लाइन, माइक, सीडी. एवढ्या ठरलेल्या खुंट्यांमध्ये कार्ड बसले की काम झाले. मग १९९८ मध्ये चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डाच्या सगळ्या क्षमता वापरता याव्यात म्हणून नवे काम हाती घेतले. त्यातून अल्सा जन्माला आली. ती २००२ मध्ये कर्नलच्या विकासमालिकेत शिरली आणि डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीपासून तिने जुन्या व्यवस्थेची जागा घेतली. पुढे ताकाशी इवाई यांनी तिची देखभाल दीर्घकाळ सांभाळली. अल्साने खुंट्या ठरवून दिल्या नाहीत. प्रत्येक ड्रायव्हरला आपल्या नियंत्रणांना हवी ती नावे देण्याची मुभा दिली. स्वातंत्र्य आले, आणि त्याच्यासोबत शंभर-दोनशे नियंत्रणांची यादीही आली. अल्साने आणखी एक सवय रुजवली: सुरुवातीला सगळे बंद.

एम्बेडेड जगाची अडचण यापेक्षा वेगळी होती. अल्सातला ड्रायव्हर पूर्ण कार्डाचा असे, पण या जगात कार्ड नावाची वस्तूच नसते. प्रोसेसर एका कंपनीचा, ध्वनिचिप दुसरीची, बोर्ड तिसरीचा. परिणामी त्याच चिपचा ड्रायव्हर प्रत्येक प्रोसेसरसाठी पुन्हा लिहिला जाई. डब्ल्यूएम ८७३१ या एकाच चिपचे चार प्रोसेसरांसाठी चार ड्रायव्हर लिनक्समध्ये होते, ही नोंद कर्नलच्या दस्तऐवजात आजही वाचायला मिळते. हेडफोन लावल्याची सूचना वर पोचवण्याची एकसारखी पद्धत नव्हती. गाणे वाजले की बहुतेक ड्रायव्हर चिपचा प्रत्येक भाग चालू करत, आणि खिशातल्या यंत्राची बॅटरी त्यात संपे.

वुल्फसनमध्ये काम करणारे लियम गर्डवुड यांनी २००६-०७च्या सुमारास या अडचणीवर उत्तर आणले. ते म्हणजे ए-सॉक. मार्क ब्राउन यांनी पुढे त्याची देखभाल हाती घेतली. कल्पना सांगायला सोपी आहे, पण सुचायला बरीच वर्षे लागली. ड्रायव्हरचे तीन भाग करायचे. चिपचा ड्रायव्हर फक्त चिपबद्दल बोलेल, प्रोसेसरचा फक्त प्रोसेसरबद्दल, आणि तिसरा, बोर्डाचा ड्रायव्हर, या दोघांना जोडेल. बोर्डावर कोणत्या पायाला काय सोल्डर केले आहे हे फक्त त्या तिसऱ्याला ठाऊक. लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेत ‘हा निर्णय कोणाचा’ हा प्रश्न स्पष्टपणे विचारला गेला तो इथे, आणि या प्रस्तावनेच्या दृष्टीने ए-सॉकचे सर्वांत मोठे देणे तेच आहे.

त्याच्याबरोबर आलेल्या डीएपीएम या यंत्रणेवर पुस्तकाने विशेष वेळ दिला आहे आणि ते योग्यच आहे. चिपच्या आतला प्रत्येक घटक, म्हणजे निवडक, मिक्सर, ॲम्प्लिफायर, माइकला वीज देणारा भाग, हा या यंत्रणेत एक बिंदू असतो आणि वाटा म्हणजे त्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषा. उगमापासून शेवटापर्यंत वाट अखंड असेल तरच तिच्यावरच्या भागांना वीज मिळते. एक स्विच बंद केला की त्या वाटेवरचे सगळे भाग आपोआप झोपतात. वीज देण्याचा आणि काढण्याचा क्रमही असा पाळला जातो की कानाला खट्‌कन आवाज कमीत कमी यावा. म्हणजे वाट आखणे आणि वीज वाचवणे ही दोन कामे इथे एकच झाली. हे एकदा उमगले की सुरुवातीच्या त्या शांत हेडफोनचे कोडेही सुटते: स्विच बंद, म्हणून वाट तुटलेली, म्हणून पुढच्या ॲम्प्लिफायरला वीजही नाही. कर्नलच्या डीबग विभागात प्रत्येक बिंदू चालू आहे की बंद हे पाहता येते. अंदाजाने स्विच उघडत बसण्याऐवजी आधी तिथे पाहावे, हा या पुस्तकाने दिलेला सर्वांत उपयोगी धडा ठरावा.

वाट कशी चुकते याची दोन उदाहरणे देण्यासारखी आहेत. बोर्डाच्या वर्णनात वाटांच्या जोड्या लिहिताना आधी जिथे आवाज पोचायचा ते टोक लिहायचे आणि मग जिथून तो निघतो ते. माणसाच्या मनातला क्रम याच्या नेमका उलटा असतो, त्यामुळे नवखा हमखास उलटे लिहितो. दुसरे उदाहरण माइकचे. इलेक्ट्रेट प्रकारच्या माइकला चालण्यासाठी थोडा विद्युतदाब लागतो आणि तो चिपच आपल्या एका पायातून पुरवते. ही जोडी वर्णनात राहून गेली तर डीएपीएमला त्या पायाची गरज कळत नाही, तो पाय बंद राहतो, आणि ध्वनिमुद्रणात निव्वळ शांतता उतरते. चिप चांगली, माइक चांगला, प्रोग्रॅम चांगला. चूक कागदावरच्या एका ओळीची.

बोर्डाचे हे वर्णन आधी सी भाषेत, प्रत्येक बोर्डासाठी वेगळ्या फाइलीत लिहिले जाई. एआरएम प्रोसेसरांच्या बाबतीत असा मजकूर इतका साचला की २०११ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. मग पॉवरपीसी यंत्रांवर आधीपासून असलेली डिव्हाइस ट्रीची पद्धत एआरएमने स्वीकारली. ध्वनीच्या बाजूला ‘सिंपल ऑडिओ कार्ड’ आणि नंतर ‘ऑडिओ ग्राफ कार्ड’ आले. आता साध्या बोर्डासाठी सी भाषेची एक ओळही लिहावी लागत नाही, जोड्या मजकूर म्हणून दिल्या की पुरते. फ्रीस्केलच्या आय.एमएक्स मालिकेत मात्र प्रोसेसरच्या आतच ऑडमक्स नावाचा आणखी एक वाटाड्या होता. कोणते आतले पोर्ट कोणत्या बाहेरच्या पोर्टला जोडायचे हे त्याला वेगळे सांगावे लागे, आणि ते विसरले की बाकी सगळे अचूक असूनही आवाज येत नसे.

तरीही डिव्हाइस ट्री फक्त वायरिंग सांगते. हेडफोनचा जॅक कुठे आहे हे तिला कळते. फोन आला तर आवाज कानाजवळच्या छोट्या स्पीकरातून यावा की मोठ्या, हे तिला कळत नाही, आणि कळायलाही नको. हा दुसरा प्रश्न किती मोठा आहे हे ओपनमोको प्रकल्पाने सर्वांना दाखवून दिले. निओ १९७३ हा त्यांचा फोन २००७ मध्ये आणि निओ फ्रीरनर २००८ मध्ये आला. आतून बाहेरून खुल्या लिनक्सवर चालणारा फोन करण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. त्यात वुल्फसनची डब्ल्यूएम ८७५३ चिप होती, आणि जीएसएम मॉडेमचा आवाज ॲनालॉग स्वरूपात थेट तिच्यात येत होता. बोलणे चालू असताना मुख्य प्रोसेसरला आवाजाला हातही लावावा लागत नसे. रचना सुंदर होती, पण सगळे ओझे चिपच्या आतल्या वाटांवर आले. त्या वाटा अल्साच्या स्थिती-फाइलींमध्ये साठवल्या होत्या: हातात धरून बोलण्यासाठी एक, हेडसेटसाठी एक, मोठ्या स्पीकरसाठी एक, गाण्यांसाठी एक. प्रसंग बदलला की अख्खी फाइल चिपवर ओतायची.

अडचणी लगेच दिसल्या. अशा फाइलीत चिपच्या प्रत्येक नियंत्रणाची किंमत असते. त्यातली कोणती वाटेची, कोणती वापरणाऱ्याच्या आवडीच्या आवाजाची आणि कोणती योगायोगाने तशी राहिलेली, हे ओळखायला मार्ग नसतो. समोरच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो म्हणून लोक त्या फाइलींतले आकडे हाताने बदलत आणि आपापले आकडे एकमेकांना सुचवत. काही फोनांमधला जीएसएमचा गुणगुणाट तर कोणत्याच आकड्याने जाणारा नव्हता, त्यासाठी बोर्डावर सोल्डरिंग करावे लागले. ओपनमोको बाजारात टिकला नाही. पण त्या खटाटोपातून एक गोष्ट पक्की झाली: वाटांचे वर्णन प्रसंगांच्या भाषेत हवे, किमतींच्या ढिगाऱ्याच्या भाषेत चालणार नाही.

ती भाषा यूसीएमने दिली. वापराच्या प्रसंगांची ही व्यवस्थाही गर्डवुड यांच्याच पुढाकाराने आली आणि २०११ च्या आरंभी अल्साच्या लायब्ररीत समाविष्ट झाली. तिच्यात ‘गाणी ऐकणे’ किंवा ‘फोनवर बोलणे’ असे क्रियेचे नाव असते, तिच्याखाली ‘हेडफोन’, ‘स्पीकर’, ‘माइक’ अशी साधने. प्रत्येकासाठी दोन क्रम लिहायचे: चालू करताना कोणती नियंत्रणे कशी ठेवायची आणि बंद करताना ती कशी परत न्यायची. फाइल साध्या मजकुराची असते, वाचून कळते, तपासता येते. २०१९ पासून या फाइलींचे भांडार लायब्ररीपासून वेगळे झाले. त्यामुळे नव्या बोर्डासाठी कोणी चांगली फाइल लिहिली तर ती सर्व वितरणांपर्यंत जाऊ शकते. या प्रस्तावनेचे मत विचाराल तर मध्यम आकाराच्या कोणत्याही उत्पादनासाठी आज यूसीएमपासूनच सुरुवात करावी. अजूनही असंख्य उत्पादने कारखान्यात एकदा मिक्सर हाताने जुळवून ती स्थिती साठवतात आणि प्रत्येक बूटला परत ओततात. एक जॅक आणि एकच काम असलेल्या यंत्राला ते पुरेसे आहे. दुसरा जॅक आला की ते मोडते.

अँड्रॉइडने आपली वेगळी वाट धरली. तिथे अल्साच्या मोठ्या लायब्ररीऐवजी टायनीअल्सा ही लहान लायब्ररी रुजली आणि वाटा ‘मिक्सर पाथ्स’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत लिहिल्या जाऊ लागल्या. हेतू तोच, लिपी दुसरी. फरक आहे तो सामाईकपणाचा. या फाइली त्या त्या फोनच्या कंपनीकडे राहतात. त्यामुळे जुन्या अँड्रॉइड फोनवर मोकळे लिनक्स बसवू पाहणाऱ्यांना बरेचदा त्या एक्सएमएलचे यूसीएममध्ये हाताने रूपांतर करत बसावे लागते.

महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांत आणि छंदी मंडळींमध्ये हा विषय सर्वाधिक पोचवला तो रास्पबेरी पायने. २०१२ च्या पहिल्या पायवर एकच कार्ड दिसे आणि त्यात एक नियंत्रण असे: शून्य म्हणजे आपोआप, एक म्हणजे ३.५ मिलिमीटरचा जॅक, दोन म्हणजे एचडीएमआय. आपोआप असताना मॉनिटर जोडलेला दिसला की आवाज एचडीएमआयकडे जाई, मग त्या मॉनिटरला स्पीकर असोत वा नसोत. ‘पायवर आवाज येत नाही’ या तक्रारीचे हे सर्वांत सामान्य कारण होते. २०१९ च्या पाय ४ वर दोन एचडीएमआय आल्या आणि एका नियंत्रणाचा हिशेब पुरेनासा झाला. २०२० मध्ये प्रत्येक बाहेरच्या वाटेचे वेगळे कार्ड करण्यात आले. त्यासरशी प्रश्नाचे रूपच बदलले. आधी विचारायचे होते, कार्डाच्या आत स्विच कुठे आहे. आता विचारायचे, अनेक कार्डांतले डीफॉल्ट कोणते.

त्या दुसऱ्या प्रश्नाला अल्साचे उत्तर असाउंड.कॉन्फ ही फाइल देते, आणि या फाइलीइतके न समजता उतरवून घेतले जाणारे दुसरे काही या क्षेत्रात नसेल. डीफॉल्ट म्हणून थेट शून्य क्रमांकाचे हार्डवेअर लिहिण्याची प्रथा सर्वत्र आहे. तिच्यात दोन उणिवा आहेत. कार्डाचा क्रमांक बूट होताना कोण आधी सापडले यावर ठरतो. यूएसबी माइक लावून यंत्र सुरू केले की कालचे शून्य आज एक होऊ शकते. म्हणून कार्ड नावाने सांगावे. दुसरे असे की थेट हार्डवेअर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळते आणि त्याला न झेपणारा वेग सरळ नाकारते. गाणे चालू असताना सूचनेची घंटा वाजायला हवी असेल तर मध्ये मिसळणारा आणि रूपांतर करणारा थर हवाच.

हा थर मोठा झाला की त्याला ध्वनिसर्व्हर म्हणतात. लेनर्ट पोएटरिंग यांचे पल्सऑडिओ २००४ पासून वाढत गेले आणि नोकियाच्या एन९०० या फोनपर्यंत पोचले. विम टायमन्स यांचे पाइपवायर २०१७ मध्ये पुढे आले, २०२१ मध्ये फेडोराने ते डीफॉल्ट केले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. हे दोन्ही सर्व्हर यूसीएमच्या फाइली वाचतात. म्हणजे कर्नलमधला बिंदूंचा आलेख, यूसीएममधले प्रसंग आणि सर्व्हरमधले धोरण अशी उतरंड आज बऱ्यापैकी जुळून आली आहे. पाइपवायरमध्ये धोरणाचा भाग वायरप्लंबर नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे आहे. ‘ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स’ या वाहनांसाठीच्या प्रकल्पाने ही जोडी स्वीकारली त्याचे कारण सरळ आहे. गाडीत गाणे, रस्ता सांगणारा आवाज, फोन आणि मागे घेतानाची धोक्याची घंटा एकाच स्पीकरांवर हक्क सांगतात, आणि कोणाचा हक्क कधी मोठा हे लिहून ठेवायला एक स्पष्ट जागा लागते.

वाहनांचा उल्लेख मराठी वाचकासाठी दूरचा नाही. वाहनांच्या सॉफ्टवेअरचे मोठे काम पुण्यात चालते आणि महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले त्या कामात थेट उतरतात. कर्नलच्या ध्वनिविभागातही भारतीय हात आहेत. विनोद कौल यांनी दाबलेला आवाज तसाच ध्वनिप्रोसेसरकडे सोपवण्याची सोय लिनक्समध्ये आणली, ज्यामुळे गाणे वाजत असताना मुख्य प्रोसेसर झोपू शकतो. साउंडवायर या नव्या जोडणीपद्धतीची देखभालही त्यांनी सांभाळली. या विषयावर मराठीत सलग वाचायला मिळावे, ही या पुस्तकामागची इच्छा त्यामुळे भाबडी ठरत नाही.

डीफॉल्टची चूक फक्त गैरसोय करते असे समजणेही बरोबर नाही. २०१२ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या एआरएम क्रोमबुकवर दुसरे लिनक्स बसवून मिक्सरमधली सगळी नियंत्रणे एकदम चालू करणाऱ्यांतल्या काहींनी स्पीकर तापून वितळल्याच्या तक्रारी नोंदवल्या. छोट्या स्पीकरांच्या बाबतीत ही भीती खरी आहे. ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरांच्या लॅपटॉपवर लिनक्स आणणाऱ्या ‘असाही’ प्रकल्पाने म्हणूनच आधी स्पीकर बंद ठेवले. ॲम्प्लिफायरने मोजलेल्या विद्युतदाब-प्रवाहावरून स्पीकरच्या तारेचे तापमान काढणारा आणि आवाज वेळीच खाली आणणारा प्रोग्रॅम लिहून झाल्यावरच ते वापरणाऱ्यांसाठी उघडले. ‘सगळे उघडून पाहू, काय होते ते’ ही सवय प्रयोगशाळेतसुद्धा सोडून द्यावी, असे पुस्तक ठामपणे सांगते. ते सांगणे गरजेचेच आहे.

आणखी एक बाजू माणसांची आहे. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून बसवल्या जाणाऱ्या नव्या एटीएम यंत्रांना बोलण्याची आणि ब्रेल कळफलकाची सोय सक्तीची केली. यंत्राच्या आत कोणतीही कार्यप्रणाली असो, अंध ग्राहकाने हेडफोन लावला की आवाज त्यातूनच यायला हवा आणि बाहेरचा स्पीकर गप्प व्हायला हवा. त्याची शिल्लक रांगेतल्या माणसाला ऐकू जाणे हा वाटेचा दोष आहे, आणि तो दोष डीफॉल्ट लिहिणाऱ्याच्या टेबलावरच जन्मतो. रुग्णालयातल्या मॉनिटरचा गजर हेडफोन लावल्यामुळे स्पीकरावरून गायब होता कामा नये, हा त्याच्या नेमका उलट नियम. जॅक लावल्यावर काय व्हावे याचे एकच बरोबर उत्तर नसते. म्हणून ते उत्तर कर्नलमध्ये कोरून ठेवायचे नसते, आणि म्हणूनच ते लिहिणाऱ्याला वापर करणारा माणूस माहीत असावा लागतो.

विषय थांबलेलाही नाही. इंटेलने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या साउंड ओपन फर्मवेअरमध्ये आवाजाच्या वाटांचा मोठा भाग ध्वनिप्रोसेसरच्या आत गेला आहे. तिथला आलेख टोपोलॉजी नावाच्या फाइलीतून बूटच्या वेळी चढतो आणि मिक्सरमधली काही नियंत्रणे त्या फाइलीतूनच जन्माला येतात. टोपोलॉजी बदलली आणि यूसीएमची फाइल जुनीच राहिली तर ती अस्तित्वात नसलेल्या नियंत्रणाला हाक मारत राहते. पूर्वी चिपचे माहितीपत्रक आणि बोर्डाचा नकाशा एवढे हातात असले की पुरत असे. आता तिसऱ्या फाइलीची आवृत्तीही जुळवावी लागते.

अशा पसाऱ्यात हे पुस्तक काय करू पाहते? आज्ञांचा संग्रह देणे हा त्याचा हेतू नाही. असे संग्रह लवकर शिळे होतात. त्याने एकच धागा धरला आहे: प्रत्येक डीफॉल्टपाशी थांबून, तो चिपचा निर्णय आहे, बोर्डाचा, उत्पादनाचा की वापरणाऱ्याचा, हे विचारायचे आणि निर्णय ज्याचा त्याच्या थरात लिहायचा. वायरिंग डिव्हाइस ट्रीत, प्रसंग यूसीएममध्ये, अग्रक्रम सर्व्हरमध्ये, आणि आवाज किती मोठा हवा हे माणसाच्या हातात. या क्रमाने विचार करणारा वाचक नवी चिप समोर आली तरी गांगरणार नाही, असा पुस्तकाचा विश्वास आहे, आणि तो रास्त वाटतो. स्टुडिओतले ध्वनिमुद्रण, आवाजावरच्या गणिती प्रक्रिया आणि ब्लूटूथचे स्वतंत्र जग त्याने बाजूला ठेवले आहे. त्यामुळे जे घेतले त्याला पुरेशी जागा मिळाली आहे.

वाचकाकडून अपेक्षा माफक आहे: सी भाषेचा परिचय, लिनक्सच्या टर्मिनलची सवय आणि सर्किटचा नकाशा पाहून न घाबरण्याची तयारी. वाचताना ध्वनिचिप असलेला एखादा स्वस्त बोर्ड, त्या चिपचे माहितीपत्रक आणि एक जुना हेडफोन जवळ असावा. माहितीपत्रकातले आतल्या वाटांचे चित्र मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावावे आणि एखादा स्विच उघडण्याआधी त्याच्यावर बोट ठेवून वाट शेवटपर्यंत नेऊन पाहावी. पुस्तकातल्या पहिल्या प्रयोगासाठी एवढी सामग्री पुरते.